राखेच्या कणाची साक्ष

लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाचे दर्शन घेऊन पायऱ्या उतरू लागले, की समोर कुकडीचे खोरे दिसते. याच नदीच्या काठाने खाली गेले म्हणजे बोरी हे गाव लागते. तेथे दरडीत रांगोळीसारख्या बारीक राखेचा थर आहे. ही राख कोणाच्या चुलीतली नव्हे! तीन हजार किलोमीटरांहून दूर, सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीतून ती उडून आली. थराच्या संगतीने आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली. तेव्हा राखेचे वय कळले, की हत्यारांच्या वयाचाही अंदाज येणार.

पण तोबाचे उद्रेक अनेक. त्यांतला हा कोणता?

राखेचा कण म्हणजे काचच. त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला, की प्रत्येक मूलद्रव्य आपापले ठराविक क्ष-किरण बाहेर टाकते. ते मोजून, घटक ठाऊक असलेल्या नमुन्याशी ताडायचे. रेमों कास्तँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९५१ साली आपल्या प्रबंधात या पद्धतीचा पाया घातला.

मात्र हे गणित सपाट पृष्ठभागाचे आहे, आणि आपला कण पडला फुटक्या बांगडीच्या तुकड्यासारखा! एका बाजूने किरणांना थोडी काच ओलांडावी लागते, दुसऱ्या बाजूने बरीच. हलक्या मूलद्रव्यांचे किरण वाटेतच गिळले जातात. कण फारच लहान असला, तर झोत आरपार निघून जातो. मग हिशेब चुकणारच.

उपाय काय? कण राळेत बसवून घासून सपाट करायचे. झोताच्या माऱ्याने काचेतले सोडियम हटते, म्हणून तो पसरट आणि मंद ठेवायचा. घासता न येणाऱ्या कणांसाठी आणखी एक युक्ती आहे: मूलद्रव्याच्या किरणांची तुलना त्याच जागच्या पार्श्वभूमीच्या किरणांशी करायची. दोघांनाही आकाराचा फटका जवळजवळ सारखाच बसतो, म्हणून भागाकारात तो बराचसा निघून जातो.

एवढा खटाटोप कशासाठी? १९८९ साली बोरीच्या राखेचे वय सुमारे १४ लाख वर्षे सांगितले गेले. १९९५ साली काचेच्या रसायनावरून ती अवघ्या ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरवली गेली. २०११ च्या अभ्यासाने पुन्हा सुमारे सात लाख वर्षे म्हटले. तोबाच्या जुन्या आणि नव्या उद्रेकांची काच दिसायला बहिणी-बहिणी! वेगळेपण असलेच तर दशांश चिन्हापुढच्या आकड्यांत. तेथे मोजमाप जरा ढळले, तर आपल्या कुकडीकाठच्या पूर्वजांचे वय लाखो वर्षांनी ढळते.