फी कशाची? लायसन्सची की शिकवणीची?

सभासद बंधू-भगिनींनो,

गळिताचा हंगाम तोंडावर आला की आपल्या बोलण्यात उतारा, वजनकाटा, पहिली उचल आणि तोडणीची पाळी यांखेरीज दुसरा विषय नसतो. ते साहजिकच आहे. पण वर्षभर राबून पिकवलेला ऊस रात्री दोन वाजता गव्हाणीपर्यंत आणणारा जो माणूस, तो गाडी चालवायला कुठे शिकला आणि त्या शिक्षणाचे पैसे कोणी भरले, हा प्रश्न आपण कधी विचारत नाही. तो आज विचारावा असे मला वाटते. लहान तोंडी मोठा घास होत असेल तर वडीलधाऱ्यांनी सांभाळून घ्यावे.

आमच्या देऊळघाटात आणि आसपासच्या खेड्यांत दोन-तीन एकरांची वाटणी झालेली घरे पुष्कळ. थोरला शेती पाहतो, धाकटा म्हणतो, "मी गाडीवर जातो." पूर्वी तो क्लीनर म्हणून चढायचा, चार-पाच वर्षे उस्तादाचे टायर ठोकायचा, शिव्या खायचा आणि शिकायचा. आज ट्रकचे लायसन्स हवे तर मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला लागतो. मालवाहू गाडीसाठी १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेच तो सक्तीचा केला आहे. नियम चांगला आहे. पण दाखला सक्तीचा झाला, तसा तो विकणाराही बाजारात बसला.

माझ्या पुतण्याचीच गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी त्याला जिल्ह्यातल्या एका स्कूलमध्ये घातले. बोर्ड मोठा होता. मालक गोड बोलला, "काका, तुम्ही काही काळजी करू नका, लायसन्स हातात देतो." बारा हजार रुपये एकरकमी मोजले. पावती मागितली तर म्हणाला, "घरचाच माणूस की, पावती कशाला?" मीही भुललो. ट्रक एक आणि पोरं सात. एकेकाच्या वाट्याला रोज दहा मिनिटे. महिन्यात बावीस दिवस गाडी निघाली. हिशेब करा, जेमतेम पावणेचार तास झाले. तेही मोकळ्या गाडीवर, सपाट रस्त्यावर. मागे घेणे एकदाच झाले. घाट तर दाखवलाच नाही. महिन्याअखेर दाखला मात्र पूर्ण प्रशिक्षणाचा मिळाला आणि लायसन्सही झाले.

पुढे एकदा सोयाबीनचे पोते भरून बुलढाण्याहून मलकापूरकडे जाताना राजूर घाटाच्या उतारावर सोबतच्या जुन्या ड्रायव्हरने त्याला स्टिअरिंग दिले. पोरगा वरच्या गेअरमध्येच राहिला आणि ब्रेकवर पाय दाबून उतरू लागला. निम्म्या घाटात लायनर जळाल्याचा वास सुटला, ब्रेक पाणी-पाणी झाला. उस्तादाने शेजारून ओरडून गेअर खाली घ्यायला लावला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या अंगाला लावली म्हणून दोन जीव वाचले. घरी आल्यावर पोरगा म्हणाला, "काका, ज्या गेअरमध्ये घाट चढतो त्याच गेअरमध्ये उतरायचं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं." बारा हजारांत एवढे एक वाक्यही आले नव्हते. चूक पोराची नव्हती. स्कूलची होती, आणि न बघता पैसे मोजणारा मी, माझीही होती.

म्हणून माझे स्पष्ट मत असे : फी लायसन्सची देऊ नका, स्टिअरिंगवरच्या तासांची द्या.

तास किती हे कायद्यानेच ठरवले आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ३१ वा नियम आहे. त्याप्रमाणे मालवाहू गाडीच्या चालकाचे प्रशिक्षण ३० दिवसांपेक्षा कमी नसावे आणि प्रत्यक्ष गाडी चालवणे १५ तासांपेक्षा कमी नसावे. प्रत्येक विद्यार्थ्याने किती तास गाडी चालवली याची नोंद स्कूलने ठेवायची असते. त्या वहीला नमुना १५ म्हणतात. शेवटी मिळणारा दाखला म्हणजे नमुना ५. वही कोरी आणि दाखला भरलेला असेल तर तुम्ही शिक्षण नव्हे, कागद विकत घेतला असे समजा.

स्कूल निवडताना बोर्ड बघू नका. सकाळी सहा वाजता, गाडी निघते त्या वेळी न सांगता जा. भिंतीवर आरटीओने दिलेला स्कूलचा परवाना लावलेला आहे का? त्याची मुदत संपली तर नाही? शिकवण्याच्या ट्रकवर स्कूलचे नाव-पत्ता मोठ्या अक्षरांत आहे का? शिक्षकाच्या पायाशी वेगळा ब्रेक आणि क्लच आहे का? हे सगळे नियमात आहे, मेहेरबानी नव्हे. एका गाडीवर किती पोरं आहेत ते मोजा. मग शिकून गेलेल्या दोघांना गाठा आणि एकच विचारा, "भरलेली गाडी राजूर घाटात किंवा बोथ्याच्या घाटात चालवायला दिली होती का? रात्री चालवली का? ट्रक मागे घेऊन धक्क्याला लावायला शिकवलं का?" उत्तर ऐकून काय ते कळेल.

२०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे वेगळे नियम लागू झाले आहेत. तिथे जड वाहनासाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम असतो आणि तिथून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची गाडी चालवण्याची चाचणी माफ असते. असे केंद्र टप्प्यात असेल आणि राहण्या-जेवण्याची सोय होत असेल तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

वयाचाही घोळ घालू नका. ट्रकच्या लायसन्सला वय २० पूर्ण हवे आणि त्याआधी निदान एक वर्ष हलक्या वाहनाचे लायसन्स हातात हवे. म्हणजे अठराव्या वर्षी जीपचे, मग पुढची पायरी. "सगळं आठ दिवसांत करून देतो" म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

आता पैशाची गोष्ट. फी तीन हप्त्यांत ठरवा : एक भाग नाव घालताना, दुसरा सात-आठ तास भरल्यावर, तिसरा पंधरा तास पुरे झाल्यावर. प्रत्येक हप्त्याला छापील पावती घ्या. सरकारी फी वेगळी काढायला लावा. शिकाऊ लायसन्सचे १५० रुपये, पक्क्या चाचणीचे ३००, नवा वर्ग चढवण्याचे ५०० असे केंद्रीय नियमांतले दर आहेत आणि त्याची पावती मिळते. "ऑफिसखर्च" या नावाखाली हजारोंचा आकडा सांगितला तर तो कशाचा, हे तोंडावर विचारा.

सगळ्यात नाजूक प्रश्न शेवटी. ज्या घरात बारा-पंधरा हजार नाहीत, त्या पोराची फी बहुधा वाहतूकदार भरतो. ती उचल म्हणून खात्यावर चढते आणि पोरगा दोन-तीन हंगाम त्याच गाडीला बांधला जातो. कधी कधी मूळ लायसन्सही मालकाच्या कपाटात राहते. वाहतूकदार बंधूंचे म्हणणे मला ठाऊक आहे : "पैसे आम्ही घालायचे आणि शिकला की पोरगा दुसऱ्याच्या गाडीवर?" म्हणणे खोटे नाही. पण पैशाचे कर्ज पैशाने फेडायचे असते, माणूस गहाण ठेवून नव्हे. उचलीच्या बदल्यात माणूस अडकवून ठेवायला १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने बंदी आहे. रक्कम, दरमहा कपात आणि शेवटचा हप्ता कागदावर लिहा. बाकी फेडून त्याला जायचे असेल तर जाऊ द्या, आणि लायसन्स त्याच्याच खिशात राहू द्या.

मालकांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते असे सांगितले. त्यावरून काहीजण "आता कशाला वेगळं लायसन्स?" म्हणू लागले आहेत. ही सवलत एकूण भारासह साडेसात हजार किलोंपर्यंतच आहे. उसाचा ट्रक त्यात बसत नाही. योग्य लायसन्स नसलेल्या हाती गाडी देऊन अपघात झाला, तर विमा कंपनी जखमीला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. पंधरा हजार वाचवायला जाऊन पंधरा एकर जायचे.

संचालक मंडळाला माझी नम्र सूचना आहे. बिगर हंगामात सभासदांच्या आणि तोडणी-वाहतूक कामगारांच्या दहा-वीस पोरांना फीसाठी बिनव्याजी कर्ज द्यावे. रक्कम पोराच्या हाती किंवा वाहतूकदाराच्या हाती न देता, तासांची वही पाहून तीन हप्त्यांत थेट स्कूलला द्यावी. उन्हाळ्यात गाडीअड्डा मोकळा पडलेला असतो. तिथे एखाद्या जुन्याजाणत्या ड्रायव्हरकडून, लायसन्स झालेल्या नव्या पोरांना दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागे घेण्याचा सराव द्यावा. खर्च फार नाही. उसाची एक गाडी रस्त्यात उलटली तर याहून जास्त नुकसान होते, आणि त्यात माणूस गेला तर हिशेबच राहत नाही.

माझा पुतण्या आता बरा चालवतो. पण त्याला शिकवले ते स्कूलने नव्हे, त्या दिवशी शेजारी बसलेल्या उस्तादाने. प्रत्येक पोराच्या शेजारी असा उस्ताद असेलच असे नाही. म्हणून पैसे मोजण्याआधी तास मोजा, एवढेच सांगणे.

आपला नम्र,
एक ऊस उत्पादक सभासद, देऊळघाट