डोळ्यातला तीळ

हनुवटीवर तीळ म्हणजे सौंदर्य, तळहातावर म्हणजे पैसा. आणि डोळ्याच्या आत? दिवसभर स्क्रीनसमोर बसून डोकं ठणकतं म्हणून गेले होते. डॉक्टरांनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, आत बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "पडद्यामागे एक तीळ आहे. दर वर्षी फोटो काढायचा." माझ्या डोक्यात एकच शब्द, मेलॅनोमा.

पण तो तर त्वचेचा ना? मी पक्की पुणेकर. स्कूटीवर स्कार्फ, सनकोट, हातमोजे, सगळा जामानिमा! त्या हसल्या. रंग देणाऱ्या पेशी डोळ्यातही असतात म्हणे. कॅन्सर त्याच पेशींचा, स्वभाव मात्र वेगळा.

मग रात्रभर वाचलं. (नका वाचू रात्री.) गोऱ्या लोकांच्या त्वचेच्या मेलॅनोमाचं उन्हाशी घट्ट नातं आहे. आपल्याकडे तो जास्त करून तळपायावर, नाहीतर नखाखाली निघतो, आणि तिथे उन्हाचा संबंध नसतो. डोळ्यातल्याचं उन्हाशी नातं अजून पक्कं सिद्ध नाही, त्याची जनुकंही वेगळी बिघडतात. त्वचेवरचा निदान आरशात दिसतो. हा बहुतेक वेळा बुबुळामागे दडलेला, कधीकधी काहीच त्रास न देणारा. त्वचेचा सहसा आधी जवळच्या गाठींमध्ये उतरतो. डोळ्याच्या आत लसिकावाहिन्या नाहीत, त्यामुळे हा रक्तातून जातो, बहुतेकदा थेट यकृतात. लेखक-डॉक्टर ऑलिव्हर सॅक्स यांच्या डोळ्यात तो २००५मध्ये सापडला, उपचार झाले आणि नऊ वर्षांनी यकृतात निघाला. २०१५मध्ये ते गेले.

यकृतात पोचला की त्वचेच्या मेलॅनोमाचं नशीब पालटणारी इम्युनोथेरपी इथे फार कमी चालते. २०२२मध्ये अमेरिकेत टेबेन्टाफस्पला मंजुरी मिळाली, तेही ठरावीक ऊतक-प्रकार असलेल्यांसाठीच. डोळ्यापुरता असेल तर मात्र डोळा काढायलाच हवा असं नाही. किरणोत्सारी चकती बुबुळाबाहेरच्या पांढऱ्या भागावर काही दिवस शिवून ठेवतात. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणु संशोधन केंद्राने अशी चकती अणुकचऱ्यातून मिळवलेल्या रुथेनियम-१०६पासून बनवली आहे. अणुकचरा आणि डोळा, विचार करा!

बहुतेक तीळ जन्मभर तीळच राहतात, असं डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. यंदाचा फोटो गेल्या वर्षीसारखाच निघाला. थेंबांमुळे तीन-चार तास सगळं धूसर, म्हणून रिक्षाने परतले. मीटर काही वाचता येईना. तो म्हणाला तेवढे दिले.