यंत्र खरं वाटतं हो, पण हात तयार झाला का?

मंडळी, आजचा विषय जरा अवघड जागेचा आहे. पण साठी ओलांडलेल्या निम्म्याहून जास्त पुरुषांची प्रोस्टेट वाढलेली असते, तेव्हा आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात एखादे काका, मामा, सासरे यात येतातच. लाजायचं कशाला?

बोरिवली काय, मुलुंड काय, सगळीकडे आता लेझरचा बोलबाला आहे. टाका नाही, रक्त फार नाही, लगेच घरी! लेझर चांगलाच आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते "आमच्या सर्जनांचं सिम्युलेटरवर ट्रेनिंग झालंय" या वाक्याशी. हे ऐकलं की आपण गप्प बसतो. का बसावं?

होल्मियम लेझरची होलेप ही शस्त्रक्रिया न्यूझीलंडच्या डॉ. पीटर गिलिंग यांनी 1990 च्या दशकात विकसित केली. संत्र्याचा गर सालीपासून सुटा करावा तशी वाढलेली गाठ आतून सोडवायची, मूत्राशयात ढकलायची आणि मॉर्सेलेटर नावाच्या यंत्राने बारीक करून बाहेर ओढायची. ऐकायला सोपं. पण टोकाशी हात चुकला तर लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, आणि मॉर्सेलेटरच्या पात्यात मूत्राशयाची भिंतच ओढली जाऊ शकते. हात बसायला साधारण 20 ते 50 शस्त्रक्रिया लागतात असं मानतात. आता त्या पहिल्या वीसांत कोणाचे काका असावेत, सांगा बघू?

म्हणून सिम्युलेटर हवाच. "गुरूच्या शेजारी उभं राहून आम्ही शिकलो, त्यात काय वाईट झालं?" म्हणणारे ज्येष्ठ डॉक्टर मला पटत नाहीत. वाईट झालं ते पेशंटच्या वाट्याला आलं, त्याची वही कोणी ठेवली?

पण सिम्युलेटर चांगला की वाईट हे ठरवतात कसं, ते बघा. तज्ज्ञांना विचारतात, "खऱ्यासारखं वाटतं का?" ते म्हणतात, हो. मग नवशिके आणि तज्ज्ञ दोघांना त्यावर बसवतात. तज्ज्ञांना जास्त गुण मिळाले की यंत्र पास! ग्रीनलाइट लेझरचा सिम्युलेटर आणि होलेपचा युरोसिम, दोन्हींच्या 2015 च्या सुमारास छापून आलेल्या तपासण्या मुख्यतः याच वळणाच्या होत्या. पहिली पायरी म्हणून ठीक. पण तज्ज्ञाला जास्त गुण मिळाले यावरून यंत्राला तज्ज्ञ ओळखता येतो एवढंच कळतं. यंत्र तज्ज्ञ घडवतं हे कुठे कळलं? गाडीच्या व्हिडिओ गेममध्ये मुरलेला ड्रायव्हर जिंकेलही, म्हणून तो गेम खेळलेल्या पोराला संध्याकाळी सातला एस. व्ही. रोडवर गाडी द्याल का तुम्ही?

खरी परीक्षा वेगळी असते, आणि ती घेता येते. 2002 साली अमेरिकेत येलला 16 शिकाऊ सर्जनांचे दोन गट केले. एकाला सिम्युलेटरवर ठराविक पातळी गाठेपर्यंत सराव, दुसऱ्याला नेहमीचं शिक्षण. मग दोघांनी खऱ्या पेशंटचं पित्ताशय काढलं. सराव न केलेल्या गटाकडून पित्ताशयाला इजा किंवा भलतीकडे चटका बसण्याची शक्यता पाचपट निघाली. याला म्हणतात पुरावा!

आणि महाग यंत्र म्हणजे चांगलं यंत्र, हेही खरं नाही. त्याच वर्षी कॅनडात मूत्रमार्गाच्या दुर्बिणीचं काम काही विद्यार्थ्यांना हजारो डॉलरच्या मॉडेलवर शिकवलं, काहींना कप, स्ट्रॉ आणि रबरी नळीच्या 20 डॉलरच्या जुगाडावर. दोन्ही गट सारखेच तयार झाले.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: "किती तास बसलात" हे विचारू नका, "ठरलेली पातळी गाठलीत का" ते विचारा. सिम्युलेटरनंतरच्या पहिल्या शस्त्रक्रियांचे निकाल मोजा. आणि उपनगरांतल्या हॉस्पिटलांनी प्रत्येकी एक शोभेचं यंत्र घेण्यापेक्षा चौघांनी मिळून एक घ्यावं, महापालिकेच्या शिकाऊ डॉक्टरांनाही त्यावर बसू द्यावं.

तोवर आपण काय करायचं? ऑपरेशनआधी सरळ विचारायचं, "डॉक्टर, अशा किती केल्यात तुम्ही? सुरुवातीच्या केसेसना शेजारी कोण होतं?" चांगला सर्जन या प्रश्नावर रागावत नाही. जो रागावला, त्याच्या सिम्युलेटरचं कौतुक त्यालाच राहू द्या.