फुजी दिसला नाही त्याची गोष्ट

जपानहून परत आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "फुजियामा पाहिलात ना?" मी "नाही हो, ढग होते" म्हटलं की समोरच्याचा चेहरा असा पडतो, जणू मी पंढरपूरला जाऊन विठोबा न बघताच आले. "अरेरे, एवढे पैसे खर्च करून..." हे पुढचं वाक्यही ठरलेलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मीही हेच म्हणत होते. आता मत बदललंय. का बदललं, ते लिहून ठेवते.

2024 च्या जूनमध्ये लेकीकडे टोकियोला गेले होते. जून म्हणजे तिथला पावसाळा. फुजी स्वच्छ दिसतो तो थंडीत, त्यातही सकाळी. पण आपल्या सुट्ट्या आणि विमानाची तिकिटं काही ढगांना विचारून ठरत नाहीत! लेकीने गाइडसह एका दिवसाची बसची सहल बुक केली आणि सोबतीला नातवाला दिलं.

गाइड म्हणजे पंचविशीची एक हसरी मुलगी. बस सुटल्यापासून ती अखंड बोलत होती. उंची 3776 मीटर. (मी मनात हिशेब केला, आपली कळसूबाई 1646, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त.) शेवटचा उद्रेक 1707 साली झाला, तेव्हा राख पार टोकियोपर्यंत, म्हणजे त्या वेळच्या एडो शहरापर्यंत उडाली होती. बायकांना तर 1872 पर्यंत माथ्यावर जायला बंदीच होती. आणि 2013 मध्ये जागतिक वारसा म्हणून त्याची नोंद झाली ती निसर्ग म्हणून नाही, तर संस्कृती म्हणून. मी आपली 'फुजी-सान' ऐकून समजत होते की हे लोक डोंगरालाही 'फुजीराव' म्हणतात. तिने सांगितलं, हा 'सान' आदराचा नाही, त्याचा अर्थच पर्वत.

पाचव्या टप्प्यापर्यंत बस जाते, साधारण 2300 मीटरवर. उतरलो तर दहा पावलांपलीकडचं दिसेना. एका गृहस्थांनी जरा चढ्या आवाजात विचारलं, "पण फुजी आहे कुठे?" ती म्हणाली, "तुम्ही त्याच्यावरच उभे आहात." हसलो सगळे, पण मनापासून कोणी नाही.

पुढे आशी सरोवरातली बोट झाली. हाकोनेचा रोपवे झाला, पण तो म्हणजे कापसाच्या पेटीत बसवून फिरवल्यासारखा. ओवाकुदानीला गंधकाच्या वाफा आणि त्या पाण्यात उकडलेली काळी अंडी. एक खाल्लं की आयुष्य सात वर्षांनी वाढतं म्हणतात. नातवाने खाल्लं. मी म्हटलं, सत्तरी उलटल्यावर आणखी सात वर्षं वाढवून काय करू? प्रत्येक ठिकाणी ती मुलगी कमरेत वाकून माफी मागत होती. ढगांबद्दल! एकाने तर अर्धे पैसे परत मिळतील का, असंही विचारलं.

परतताना अभिप्रायाचा कागद हातात आला. गाइडला पाचपैकी किती गुण? आयुष्यभर पेपर तपासलेले, हात जराही अडखळला नाही. मी दोन दिले.

रात्री लेकीने विचारलं, "आई, गाइड कशी होती गं?"

"मुलगी गुणी. वेळेला पक्की. प्रत्येक वेळी डोकी मोजायची, एका आजोबांना हाताला धरून पायऱ्या उतरवल्या तिने."

"मग दोनच गुण?"

"फुजी कुठे दिसला?"

लेक एवढंच म्हणाली, "म्हणजे पाऊस आला म्हणून तू ड्रिलच्या सरांना नापास केलंस."

मला झोप लागली नाही. तो कागद परत मागायची काही सोय नव्हती.

पुढच्या आठवड्यात लेक मला टोकियोतच सेंदागाया भागातल्या एका देवळात घेऊन गेली. आवारात एक छोटी टेकडी, जेमतेम घराएवढी. तिचं नाव फुजीच! 1789 सालची. एडोच्या काळात म्हातारीकोतारी, आजारी माणसं आणि बायका, ज्यांना खऱ्या फुजीवर जाणं शक्य नव्हतं, त्यांच्यासाठी लोकांनी गल्लोगल्ली असे लहान फुजी रचले. ही टेकडी चढलं की पुण्य पदरात. आणखी एक गंमत कळली. फुजीच्या भक्तांची मंडळं असत आणि त्यांची चक्क आपल्यासारखी भिशी चाले. सगळ्यांनी पैसे टाकायचे, चिठ्ठ्या काढायच्या, ज्याचं नाव निघेल त्याने सर्वांच्या वतीने यात्रा करायची. पायथ्याच्या गावात 'ओशी' म्हणून पुजारी असत. यात्रेकरूंची राहायची, जेवायची, वाटाड्याची सगळी व्यवस्था तेच बघत. आपल्याकडचे क्षेत्रोपाध्येच म्हणा ना!

म्हणजे गाइडबरोबर फुजीला जाणं हे काही आजचं खूळ नाही. हल्लीची तरुण मंडळी अशा सहलींना नाकं मुरडतात, 'झेंड्यामागची मेंढरं' म्हणतात. मला ते पटत नाही. माझ्यासारखीला गुडघे आणि तोडकं इंग्रजी घेऊन एकटीने जाता आलं असतं का? खोट सहलीत नाही. खोट आहे ती आपण पैसे दिले म्हणजे डोंगरही विकत घेतला असं समजण्यात. गाइडने पायथ्याशी न्यायचं, माहिती द्यायची, सुखरूप परत आणायचं. दर्शन देणं तिच्या हातात नाही, तिकिटात तर नाहीच नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात फुजीकावागुचिको गावात एका दुकानासमोर मोठा काळा पडदा लावला होता. दुकानाच्या छपरावर फुजी उभा आहे असा फोटो काढायला इतकी झुंबड, रस्त्यावर इतका कचरा, की गावाने डोंगरच झाकला! ऑगस्टमध्ये पडदा उतरवला. चढणाऱ्यांवरही यामानाशीच्या बाजूने 2024 पासून दिवसाला 4000 जणांची मर्यादा आणि 2000 येन शुल्क आलं, 2025 मध्ये ते 4000 येन झालं. 'मला दिसलाच पाहिजे' हा हट्ट शेवटी कुठे जातो, ते यावरून दिसतं.

सेंदागायाची ती टेकडी मी नातवाचा हात धरून चढले. पाच मिनिटंही लागली नाहीत. वरून समोरची झाडं आणि घरं तेवढी दिसत होती, आणि तरीही छान वाटलं. पण ते दोन गुण अजून टोचतात. तेव्हा मंडळी, उद्या तुम्ही कुठे सहलीला गेलात, ढग आले, वाघ दिसला नाही, धबधबा आटलेला निघाला, तर हातात तो कागद आल्यावर एवढंच करा. गुण माणसाला द्या, ढगांना नको.