मावशीचं नाव कोणत्या यादीत?



दवाखान्यात डॉक्टर 'सर' असतात, नर्स 'सिस्टर' आणि बाळंतिणीचे रक्ताने भिजलेले कपडे उचलणारी बाई 'मावशी'. एकदा नातं जोडलं की हक्क मागणं अवघड होतं, हे घरकामावरून आपल्याला ठाऊक आहेच. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्यापासून उमरखेडपर्यंत बचत गटांच्या बैठकांत अशा मावश्या मला भेटतात. सुई टोचली होती का, विचारलं की हसतात. कचऱ्याच्या पिशवीतून टोचतेच. मग काय केलं? ''पाण्यानं धुतलं न् लागली कामाले.'' लस? ''कोरोनाची घेतली न!''

हिपॅटायटिस-बी, म्हणजे 'ब' प्रकारची कावीळ, रक्तातून पसरते. लस न घेतलेल्या व्यक्तीला बाधित रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता शंभरात ६ ते ३०. एचआयव्हीची हजारात सुमारे ३. तरी धास्ती सगळी एचआयव्हीचीच! हा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तग धरतो. आजार मुरला तर यकृताचा सिरॉसिस, कॅन्सर. बाळंतपणात तो आईकडून बाळालाही जातो.

लस आहे. पहिल्या डोसनंतर दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. २०११ पासून देशभर बाळांना ती सरकारी लसीकरणात मिळते. म्हणजे मावशी ज्या बाळाला पुसून आईजवळ देते त्याला लस आहे. मावशी मात्र त्याआधीच जन्मलेली.

कायदाही आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्या सर्वांना हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस देणं ही दवाखान्याची जबाबदारी आहे. फक्त कायम नोकरांना, असं त्यात म्हटलेलं नाही. २०१८ च्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातही आरोग्य कर्मचाऱ्यांचं लसीकरण आहे. पण मावशी ठेकेदाराची. दवाखाना ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार दवाखान्याकडे. आणि सहा महिन्यांत ठेकेदारच बदलला की तिसरा डोस राहतो तो राहतोच.

आपल्यातल्याच काही जणी म्हणतात, आधी किमान वेतन मिळू दे, लशीचं नंतर बघू. मला हे पटत नाही. वेतनाची थकबाकी भांडून वसूल होते, यकृत होत नाही. शिवाय लशीच्या यादीत नाव आलं की 'ही बाई इथे काम करते' याचा कागद तयार होतो. तो वेतनाच्या भांडणातही कामी येईल.

तेव्हा आपापल्या तालुक्यात लसीकरणाची यादी मागा, सफाईवाल्या बायकांची नावं त्यात आहेत का बघा. डोसांचं कार्ड कचेरीच्या कपाटात नको, बाईच्या हातात हवं. सुई टोचली तर जखम साबण-पाण्याने धुवायची, लगेच नोंद करायची आणि लस घेतलेली नसेल तर शक्यतो चोवीस तासांत उपचार मागायचे, हे बैठकीत सांगा. आणि तपासणीत लागण निघाली म्हणून कुणाला कामावरून काढणार नाही, हे लेखी घ्या. २०१७ चा कायदा एचआयव्हीबाधितांना असं संरक्षण देतो; हिपॅटायटिस-बी त्यात येत नाही. बायकांना कायद्याचं कलम माहीत नसेल, पण काम जाईल ही भीती पक्की माहीत असते, आणि म्हणून त्या तपासणीच्या दिवशी घरी राहतात.