शिशाला भाव, माणसाला नाही!

जळगावच्या मेहरूण तलावाच्या परिसरात भल्या पहाटे पाठीवर पोते टाकून भंगार वेचणाऱ्या आयाबहिणी कोणत्या वस्त्यांतून येतात, हे चळवळीच्या वाचकाला सांगायला नको. लोखंड, पत्रा, तांबे, शिसे, ज्याला भाव ते पोत्यात जाते. यातल्या शिशाबद्दल आज सावध करायचे आहे.

किरणोत्सारी पदार्थांचे सगळे किरण सारखे नसतात. अल्फा किरण साध्या कागदाने अडतात. ते कातडीच्या वरच्या थरापलीकडे जात नाहीत, पण तो पदार्थ श्वासातून वा अन्नातून शरीरात गेला तर घात करतात. बीटा किरणांना काही मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा पुरतो. गॅमा किरण मात्र पत्रा आणि माणसाचे शरीरही भेदून जातात. कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांचा जोर नुसता निम्मा करायला सुमारे 12 मिलिमीटर शिसे लागते. म्हणून अशा यंत्रांना शिशाचे जाड, वजनदार कवच असते. घात इथेच आहे. जे कवच माणसाला वाचवते, त्यालाच भंगारात भाव मिळतो!

एप्रिल 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात काय झाले? दिल्ली विद्यापीठाने वापरात नसलेले गॅमा यंत्र लिलावात विकले. मजुरांनी ते फोडले, कोबाल्ट उघडा पडला. अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले, एकाचा जीव गेला. विकणारे विद्येचे माहेरघर, मेला तो भंगार फोडणारा मजूर.

धोकादायक उद्योग करणाऱ्यावर संपूर्ण दायित्व, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्येच ओलियम वायुगळती प्रकरणात सांगितले. 2004 मध्ये केंद्राने किरणोत्सर्ग संरक्षणाचे नियम केले. तरीही मायापुरी घडलेच. कायदा कागदावर राहिला, आणि कागद अडवतो फक्त अल्फा किरण!

म्हणून मागणी स्पष्ट आहे. पिवळ्या पाटीवरील तीन पात्यांचे धोक्याचे चिन्ह महापालिकेने प्रत्येक भंगार दुकानात मराठी सूचनेसह लावावे. निकामी झालेल्या यंत्रातला स्रोत पुरवठादाराकडे परत गेल्याचा दाखला असल्याशिवाय त्याचा लिलाव होऊ नये. कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत सांगावे की असे चिन्ह असलेली जड पेटी दिसली तर फोडू नका, लांब व्हा, पोलिसांना कळवा.

संविधानाच्या कलम 21 ने दिलेला जगण्याचा हक्क भंगार वेचणाऱ्या बाईचाही आहे. तो किलोच्या भावाने विकला जाऊ देऊ नका.