पिस्तुलाने पीक राखले जात नाही

शेतकरी बंधूंनो, रोही आणि रानडुकरांनी रामटेक, पारशिवनीपासून उमरेड, भिवापूरपर्यंत तुमची झोप उडवली आहे. त्यात बाजारात हलकी रिव्हॉल्व्हरे, नेमाला लेसरचा लाल ठिपका असे नवे प्रकार दिसतात आणि मन मोहात पडते. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली काढलेले 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर अर्ध्या किलोचे, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होती. पण .३२ बोअरचे हे हत्यार जवळून जीव वाचवायला आहे. रात्री तुरीत शिरलेला कळप त्याने हटायचा नाही. जखमी डुक्कर मात्र उलटून अंगावर येईल.

पीक राखणीसाठी १९५९ च्या शस्त्र कायद्यात ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय आहे. पण परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे. जनावर मारायचे तर कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी लागतेच. ती नसेल तर पीकही जाईल आणि कोर्टाच्या खेटाही मागे लागतील.

वनाधिकारी आणि तलाठी साहेबांनाही एक सांगणे आहे. अर्ज टेबलावर पडून राहिला, की वैतागलेला माणूस कुंपणात करंट सोडतो. २०१७ साली नागभीडकडे 'श्रीनिवास' वाघ असाच गेला. उद्या त्याच तारेला शेजाऱ्याचे पोर चिकटेल. तेव्हा परवानगीचा निकाल लवकर द्या, नुकसानीचा पंचनामा वेळेत करा.

आणि बंधूंनो, अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका!